तेहतीसचा मेंढपाळ

आमची पहिली भेट भांडणानेच झाली, आणि तेही एका मेंढपाळावरून.

आत्याच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्या दुपारी तो आत आला तेव्हा त्याच्या भुवईवर मैदा होता आणि अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीची भट्टी तोच सांभाळतो. डब्यावरची चिठ्ठी नीट न दिसल्यामुळे बिस्किटांत साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, म्हणून मोठ्या बहिणीने त्याला सरळ आमच्याकडे पिटाळलं होतं.

मी भिंगांची पेटी उघडेपर्यंत तो फोनमध्ये डोकं घालून बसला. मी सहज वाकून पाहिलं, आणि मला काही राहवलं नाही.

"या मेंढपाळाला कशाला पोसताय?"

तो दचकला. "तुम्हीपण खेळता?"

"दोन वर्षं झाली. मेंढपाळ कुणी घेत नाही हो!"

"का नाही? अठ्ठ्याऐंशीची ताकद आहे त्याची."

"तेहतीसची."

"अठ्ठ्याऐंशी! वर्षभर रोज बघतोय मी."

"तेहतीसच आहे. उगाच का बहिणीने इथे पाठवलं तुम्हाला?"

तो स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "तरी मी म्हणतोय, हा सारखा हरतो कसा..."

मला हसू आवरेना. त्यालाही.

हा खेळ किल्ले राखायचा. दर हंगामात नवे वीर येतात आणि आपण जमवलेले तुकडे ज्याच्यावर लावू, तो बळकट होतो. एकदा लावले की लावले, परत मिळत नाहीत. त्याने वर्षभराचे सगळे तुकडे त्या तेहतीसच्या मेंढपाळावर उधळले होते. आणि मी? माझ्याकडे नऊशे तुकडे पडून होते. दोन वर्षांत एकाही नव्या वीरावर मी एक तुकडा लावला नव्हता. न जाणो, पुढच्या हंगामात याहून चांगला आला तर!

"नऊशे?" तो म्हणाला. "काय लोणचं घालायचंय का त्यांचं?"

"तुमच्यासारखे उधळण्यापेक्षा लोणचं परवडलं."

मग मी त्याच्या डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवली. एकेक भिंग घालत, फिरवत, नंबर जुळवत गेले. शेवटचं भिंग बसवून ते फ्रेमच्या खाचेत सरळ बसलंय का हे बघायला अगदी जवळ वाकले आणि विचारलं, "आता कसं दिसतंय?"

तो म्हणाला, "स्पष्ट. अगदी स्पष्ट."

"मग खालची ओळ वाचा."

"हां... ओळ. वाचतो."

चष्मा आठ दिवसांनी मिळेल, असं मी सांगितलं. त्याने जाता जाता विचारलं, "नवे वीर आलेत, शनिवारी संध्याकाळी सहाला तुकडे लावायची मुदत संपते. तोवर मला आकडे कोण वाचून दाखवणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गरम पावांची पुडी घेऊन हजर. मी काचेवरची धूळ पुसत त्याला आकडे वाचून दाखवले. "पोलादी सरदार, ब्याण्णव. धनुर्धारी राणी, एक्याऐंशी. आणि ही दिवेवाली, तीस."

"तीस? मेंढपाळाची बहीण दिसते!"

"तिच्या शेजारी दुसऱ्या खेळाडूचा जो वीर उभा राहील त्याची ताकद दुप्पट होते. पण शेजारी कुणी नसेल तर तिचा काही उपयोग नाही. माझ्यासारख्या एकटीने खेळणाऱ्याला नकोच ती."

"सरदार घ्या मग."

"बघू. अजून वेळ आहे."

"तुमचं 'बघू' म्हणजे कल्याणच," तो म्हणाला.

पुढे तो रोज येऊ लागला. रोज तेच तीन वीर, तेच आकडे, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचा कंटाळा नाही. पाव मात्र रोज वेगळा. मोजून काही घेत नाही, हाताला कळतं, असं तो म्हणायचा. मी त्याच्या हातांकडे बघत राहायचे. त्याला काही नीट दिसत नाही या भरवशावर मनसोक्त बघायचे.

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकते. माझ्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग आहे. लहानपणी चहाचं पातेलं अंगावर उपडं झालं होतं. दुकानात मी नेहमी अशी उभी राहते, की गिऱ्हाइकाला माझा उजवाच गाल दिसावा. कॉलेजात एकजण त्या उजव्या बाजूच्या प्रेमात पडला होता. डाव्या बाजूपर्यंत काही टिकला नाही. बेकरीवाल्यासमोर मात्र मी कशीही उभी राहायचे. मोकळी, बिनघोर. त्याच्या धूसर नजरेत मी सुंदर असेन, असं मला वाटायचं... आणि ते वाटणं मला सोडवत नव्हतं.

त्यामुळे चष्मा मंगळवारीच तयार होऊन आला, तो मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बुधवारी त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "भिंग आलं नाही अजून." गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच.

आत्याच्या नजरेतून काय सुटतं! "तो चष्मा ड्रॉवरमध्ये अंडी घालतोय का गं?"

"देते गं, आत्या."

"आज त्याने मनगट भाजून घेतलंय भट्टीवर. दार नीट दिसलं नाही. बेकरीत गेले होते, तेव्हा पाहिलं."

मी स्वतःचा डाग लपवायला त्याला नवा डाग दिला होता. दुसऱ्याची नजर साफ करणं हेच माझं काम, आणि मीच ती अडवून बसले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

शनिवारी साडेपाचला तो आला. मनगटावर पट्टी होती. मी ड्रॉवर उघडला.

"हा मंगळवारीच आला होता," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. आणि ते मनगट... माझ्यामुळे."

"का पण?"

मी चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला, दाराशी उजेडात गेले आणि डावा गाल त्याच्याकडे केला. "म्हणून," मी म्हणाले.

तो बघत राहिला. मग चक्क हसला.

"हे होय? हे तर मी पहिल्याच दिवशी पाहिलंय."

"कसं शक्य आहे? चष्मा नव्हता तुमच्याकडे!"

"ती जड फ्रेम कुणी चढवली होती माझ्या डोळ्यांवर? त्यात बरोबर नंबर कुणी घातला होता? आणि मग इतक्या जवळ येऊन 'कसं दिसतंय' असं कुणी विचारलं होतं?"

सहा वर्षं लोकांचे डोळे तपासतेय, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! त्या खुर्चीत बसणाऱ्याला सगळ्यात आधी स्पष्ट दिसते ती मीच.

"आयुष्यात पहिली नीट दिसलेली गोष्ट होतीस तू," तो म्हणाला. त्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नाही. "डाग दिसला. त्याच्या वरचे डोळेही दिसले. तेव्हापासून रोज येतोय. पाव खपवायला नाही काही... आवडतेस तू मला. मनगटाचा राग मात्र आहे हं. ती पट्टी रोज तू बदलायचीस."

मी फक्त मान हलवली.

काउंटरमागून आत्याने खोकल्यासारखं केलं. "सहा वाजायला दहा मिनिटं आहेत. तुमच्या त्या वीरांचं काय ते बघा."

मी फोन काढला. पोलादी सरदार, ब्याण्णव. बोट त्याच्यावरून पुढे नेलं आणि दिवेवालीवर टेकवलं. नऊशेच्या नऊशे.

"अगं, सगळे?" तो ओरडला. "आणि पुढच्या हंगामात याहून चांगला आला तर?"

"येऊ दे," मी म्हणाले. "तुझा मेंढपाळ कुठाय? त्याला आण हिच्या शेजारी."

त्याने आणला. दोघं किल्ल्याच्या दारात उभे राहिले आणि मेंढपाळाच्या डोक्यावरचा आकडा बदलला. त्याने नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि पहिल्यांदाच न चुकता वाचला.

"सहासष्ट."