भट्टीतली गल्ली

धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसती भुरभुर चाललेली. हवा इतकी ओली, की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी जास्तच ओले होऊन घरात यायचे आणि काडेपेटीतल्या काड्यांनाही सर्दी झालेली. अशा एका दुपारी बेकरीचं दार कुणीतरी कोपरानं ढकललं.

कोपरानं, कारण हात मोकळे नव्हते. हातात भला थोरला ट्रे, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदाखाली काय काय दडलेलं. नेमका त्याच घडीला बेकरीवाला ताज्या पावांचा ट्रे घेऊन भट्टीकडून पुढं येत होता. दोन ट्रे समोरासमोर आले, कुणीच ब्रेक लावला नाही, आणि व्हायचं तेच झालं. त्याचे पाव उडाले ते तिच्या ट्रेमध्ये. तिच्या ट्रेमधलं एक पिठाचं घर उडालं ते त्याच्या पावांच्या राशीवर जाऊन बसलं. टेकडीवर बंगला बांधावा तसं, ऐटीत.

"हे… काय आहे?"

"घर आहे."

"कच्चं आहे."

"म्हणून तर आलेय," ती म्हणाली.

तिनं वर बघितलं, तर त्याच्या भुवईवर पीठ. त्यानं खाली बघितलं, तर तिच्या नाकावर पीठ. दुसऱ्याला सांगावं असं दोघांनाही वाटलं, आणि… दोघांनीही सांगितलं नाही.

गल्लीत तिला सगळे पीठताई म्हणायचे. तिचं कामच तसं होतं. एखाद्या वस्तीत जायचं, खोली भाड्यानं घ्यायची, तिथल्या लोकांना हाताशी धरायचं आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी घडवायचं. मागच्या ठिकाणी तिनं अख्ख्या बसस्टॉपला जुन्या कपड्यांचा पडदा शिवून घेतला होता. लोक म्हणे तो बघायच्या नादात बसच सोडायचे! या गल्लीत तिनं ठरवलं होतं पिठाची गल्ली करायची. पीठ, मीठ आणि पाणी मळून प्रत्येकानं आपापलं घर करायचं, जिन्यासकट, कुंड्यांसकट, दारातल्या झोपाळू कुत्र्यासकट. ती वाळवून रंगवायची आणि कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या काचेमागं मांडायची.

तिचा नियम एकच. ज्याचं घर त्यानंच करायचं. दुसऱ्याच्या घराला बोट लावायचं नाही, तिनं स्वतःनंही नाही. घर वाकडं झालं तर वाकडं. आणि ती या गल्लीतली नव्हतीच, तेव्हा तिचं घर करायचा प्रश्नच नव्हता. कुठल्याच गावात तिनं स्वतःसाठी काही केलं नव्हतं.

तर ती घरं या ओल्या हवेत वाळेचनात. उलट एकेकाला बुरशीची दाढी फुटायला लागली.

"दुपारी तुमचे शेवटचे पाव निघाले, की भट्टी रिकामीच असते ना?" तिनं विचारलं. "मंद धग पुरे. जास्त झाली तर भिंती तडकतात."

"आणि बदल्यात?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यानं जरा विचार केला. "पुढच्या वेळी टकटक करून या. माझे पाव दचकतात."

गल्ल्यावर त्याची आत्या बसायची; दोघं बेकरीच्याच वरच्या मजल्यावर राहायची. जाडजूड, कायम पेंगलेली, पण कान असे की भट्टीमागं मुंगी चालली तरी विचारायची, "कोण रे तिकडं?" तिनं एक डोळा उघडून पीठताईला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "येऊ दे रे. घरात कुणीतरी बोलणारं माणूस तरी येईल. तू तर पावाशीच बोलतोस."

मग रोज दुपारी ती यायला लागली. रिकाम्या भट्टीतून पावांचा वास जायचा नाही, आणि त्या वासात गल्लीतली घरं रांगेनं वाळत पडायची. दोघं भट्टीच्या तोंडाशी स्टुलांवर बसायची. तो लांब दांड्याच्या फावड्यानं हळूच एकेक घर फिरवायचा, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं.

"हे कुणाचं?" तो विचारायचा.

"ओळखा."

"खिडकीला पडदा नाही… म्हणजे शिंपीच. स्वतःच्या घरचं शिवायला त्याला कधी वेळ मिळालाय?"

"बरोबर! आणि जिना बघा ना. एकेक पायरी त्यानं टेप लावून मोजलीय."

"तुम्हाला हसताना…" तो म्हणायचा, आणि थांबायचा.

"हसताना काय?"

"काही नाही. धूर येतोय, मागं सरका."

धूर कुठला आलाय! पण ती मागं सरकायची. सरकताना तिचा हात त्याच्या हाताला लागायचा, आणि भट्टी विझत आली तरी दोघांचे कान लालभडक.

मग एक दिवस गोंधळ झाला. शिंप्याच्या घराचा सुटा केलेला जिना थंड करायला बिस्किटांच्या ट्रेशेजारी ठेवला होता आणि आत्यानं चष्मा डोक्यावर सारलेला होता. निवृत्त हेडमास्तर बिस्किटं घ्यायला आले, आत्यानं हाताला लागलं ते पुडीत बांधलं, आणि मास्तरांनी घरी जाऊन तो जिना चहात बुडवून खाल्ला. खालून वरपर्यंत! लोक सांगतात, त्या दिवशी मास्तर इतकं पाणी प्याले, की गल्लीतल्या नळांना धार उरली नाही. आणि संध्याकाळी बेकरीत येऊन म्हणाले काय, "बिस्किटं जरा खारट होती. पण टणक. मला आवडली. अजून आहेत का?"

तेवढ्यात शिंपी आला. "माझा जिना झाला का वाळून?"

बेकरीवाल्यानं पीठताईकडं बघितलं. पीठताईनं मास्तरांच्या पोटाकडं बघितलं.

"अहो, मास्तरांच्या पोटात आहे तो!" आत्या मोकळी झाली.

शिंपी कमरेवर हात ठेवून मास्तरांपुढं उभा राहिला. "मास्तर, शाळेत तुम्ही माझे कान खाल्लेत, डोकं खाल्लंत. आता जिनापण?"

"मी करून देतो की तुला दुसरा," मास्तर म्हणाले.

"नाही चालायचं," पीठताई म्हणाली. "नियम आहे. ज्याचं घर त्यानंच करायचं."

शेवटी असं ठरलं, की शिंप्यानं जिना पुन्हा करायचा आणि मास्तरांनी शेजारी उभं राहून पाण्याची वाटी धरायची. तशी धरलीही. "चौथी पायरी तिरकी आहे," मास्तर सांगायचे. "खाणाऱ्यानं बोलू नये," शिंपी म्हणायचा. जिना होईपर्यंत दोघांचं असं गूळपीठ जमलं, की मग रोज शिंप्याच्या दुकानात मास्तरांचा चहा ठरलेला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर बेकरीवाला आणि पीठताई एकमेकांकडं बघून हसायला लागले ते थांबेचनात. तो भिंतीला धरून, ती पिठाच्या पोत्यावर बसून. हसता हसता तिच्या मनात लखकन आलं… अगं बाई, मला इथून जायचं नाहीये.

आणि तिचं हसणं थांबलं.

कारण जायचं तर होतंच. गल्ली काचेमागं लागली की तिचं काम संपलं. पुढच्या गावाहून रोज फोन यायचा, "ताई, कधी येताय? आमच्या कापडगिरणीच्या बायका वाट बघतायत." ती म्हणायची, "थोडं राहिलंय." तिला राहावंसं वाटत होतं, पण राहा असं कुणी म्हणालं तर पाहिजे ना! आणि हा तर धुरापलीकडं बोलायला तयार नाही.

थोडं राहिलंय ही काही थाप नव्हती हं. सगळ्यांची घरं रंगवून झाली होती. आत्यानंसुद्धा आपली गल्ल्यामागची खुर्ची करून दिली होती, तिच्यावर बसलेल्या आत्यासकट. राहिली होती फक्त बेकरी. आणि बेकरी करायची होती बेकरीवाल्यानं.

"आज करताय ना?"

"आज यीस्ट रुसलंय. उद्या."

उद्या उजाडायचं. "आज मनगट दुखतंय." परवा म्हणाला, "पिठाचा रंग मनासारखा नाही." तेरवा तर म्हणाला, दारात मांजर येऊन बसलीय, तिच्यासमोर हात चालत नाही. गल्लीतले लोक बंद दुकानाच्या काचेला नाक लावून विचारायला लागले, "अहो, आम्ही पाव कुठून आणायचे? गल्लीत बेकरीच नाही!"

शेवटी एका दुपारी ती टकटक न करताच आत आली.

"तुम्हाला माझी थट्टा वाटते का हो?" तिचा आवाज चढला होता. "सगळ्या गल्लीनं केलं. मास्तरांचे हात थरथरतात, त्यांनीही केलं. तुम्ही उजाडायच्या आत ढीगभर पाव वळता, आणि एक एवढंसं घर होत नाही तुमच्यानं?"

त्यानं फावडं उगाचच कोपऱ्यात ठेवलं, परत उचललं.

"नियमामुळं मला हातही लावता येत नाही," ती म्हणाली. "नाहीतर मीच केलं असतं कधीच."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्या नियमावरच तर चाललं होतं माझं."

"काय चाललं होतं?"

"बेकरी झाली की गल्ली पुरी. गल्ली पुरी झाली की… तुम्ही जाणार."

भट्टीत काहीतरी तडकलं. बाहेर भुरभुर चालूच होती. तिनं स्टूल ओढलं आणि भट्टीच्या तोंडाशी बसली.

"मग सांगायचं ना," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू? काम सोडा आणि भट्टीपाशी बसा, असं? तुम्ही येता तेव्हा लोक कसे होतात ते बघितलंय मी. मास्तर आणि शिंपी एका बाकावर बसलेत, गल्लीत कुणाला पटलं असतं? ते तुमच्याकडून काढून कसं घ्यायचं?"

"आणि मी पुढच्या गावाला रोज सांगतेय, थोडं राहिलंय, थोडं राहिलंय म्हणून." तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. "तुम्हाला वाटतं, मला एक बेकरी उरकून घेता आली नसती? भल्याभल्यांना मळायला बसवलंय मी."

आता मात्र तो हसला. मग त्यानं पीठ घेतलं, मीठ घेतलं, मळलं, आणि बसला. आणि काय सांगायचं… इतके सुरेख पाव करणारा माणूस, पण घर केलं ते बसलेल्या म्हशीसारखं! भिंती फुगलेल्या, दार तिरकं, धुराडं मान टाकलेलं. तिनं ओठ दाबून धरले.

"हसा, हसा," तो म्हणाला. मग पिठाचा उरलेला गोळा त्यानं तिच्यापुढं सरकवला. "वरचा मजला राहिलाय. तो तुम्ही करा."

"मी कशी करणार? ज्याचं घर त्यानं…"

"म्हणूनच म्हणतोय."

तिनं गोळ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. त्याच्या भुवईवर आजही पीठ होतं आणि कान आजही लाल.

"मी कामासाठी जाणार हं," ती म्हणाली. "गिरणीच्या बायका वाट बघतायत. नंतर अजून कुणीतरी बघेल. महिना महिना बाहेर असेन."

"जा की. जाताना पाव बांधून देईन. येशील तेव्हा भट्टी गरम असेल."

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तिला होता. तिनं बाह्या सारल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना घरं करायला शिकवलेली बाई, पण तिची स्वतःची पहिलीच भिंत पडली. त्यानं मदतीला हात पुढं केला.

"लावू का?"

"लाव," ती म्हणाली. "आता तुझंही आहे ना."

दोघांची बोटं एकाच भिंतीवर, ओली, खारट. भिंत काही केल्या सरळ होईना, आणि दोघांनाही तिची घाई नव्हती.

पुढं गल्ल्यावर आत्यानं डोळे मिटलेलेच होते. तशीच, न वळता, तिनं हाक मारली, "अगं ए, खिडक्या मोठ्या ठेव बरं का. वरती धूर फार होतो!"