दुसऱ्या बाजूचं हँडल

कंपनीवाल्यांनो, तुम्ही भित्रे आहात.

तोंडावर सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा तुमचा मारामारीचा गेम. विकणं बंद केलंत, दुरुस्त करणं बंद केलंत. पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे गेम ज्यातून बनला ते मूळ लिखाण, ते छातीशी धरून बसलात. गेमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तुमची नोटीस येते. विचारलेल्याचं उत्तर कधीच येत नाही.

आणि वाचणाऱ्यांनो, यातलं एक अक्षर रचलेलं नाही. माझ्या घरात घडलंय. मी मुनवर, उमरग्याचा. दहावी नापास. कॉम्प्युटर मोडून मोडून शिकलो.

१९ मे २०२४. रविवार. दुपारचे अडीच.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी उमरग्याची मे महिन्यातली दुपार बघावी. गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं.

आधी माझ्या भावाबद्दल सांगतो.

लहानपणी आमच्या घराला लागून व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मधे एकच भिंत. तिथल्या मशीनवर हाच गेम. दोघं खेळायचे, दोन हँडल. दुसऱ्या बाजूचं हँडल बिघडलेलं. सरळ पुढं जायचंच नाही. आधी मागं ओढायचं, मग पुढं. ओढताना आवाज यायचा...

खर्रर्र.

त्या बाजूला कुणी बसायचं नाही. फक्त माझा मोठा भाऊ, समदभाई. चांगलं हँडल कायम मला.

म्हणून त्याचा पैलवान मारायच्या आधी एक पाऊल मागं सरायचा. अख्ख्या उमरग्यात ही खोड त्याची एकट्याची. खेळ सुरू होताना तो पैलवानाला दोनदा खाली बसवायचा. तो त्याचा सलाम. आणि मी हरायला टेकलो की हँडल सोडून द्यायचा.

"मार की रे. रडतोस काय?"

एक दिवस मी भडकलो. "मला तुझी भीक नको!" म्हणून उठलो. डाव अर्धा राहिला.

त्याच संध्याकाळी हायवेवर, जळकोटच्या अलीकडं, समदभाई गेला. मोटारसायकल तेवढी घरी आली.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. मशीन भंगारात गेलं. दुकान पाडलं. आता तिथं मोकळी जागा आणि वेड्या बाभळी.

आता त्या रविवारचं.

मी आणि कैवल्य मिळून या गेमच्या चाहत्यांचं पान चालवतो. कैवल्य तुळजापूरचा, मास्तरांचा मुलगा. लोक विचारतात, नव्या विंडोजवर चालत नाही, आवाज फाटतो, सोर्स कोड कुठं मिळेल. कंपनीनं करायचं काम आम्ही फुकट करतो. एकानं तक्रार केली होती, एकट्यानं खेळताना गेम अडकतो. ते तपासायला कैवल्य आला होता. कॉम्प्युटर नवा. फाईल त्याच दिवशी उतरवलेली. समदभाईचा हात यातल्या कशालाच लागलेला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला, कूलर बंद पडला.

एकदम शांत झालं.

मी खेळ सुरू केला. समोरचा पैलवान खाली बसला... उठला... पुन्हा बसला.

"कैवल्य, तुझा खेळायचा रिमोट लावलायस का?"

"तो बघ, टेबलावर पडलाय. तुझ्यासारख्या नापासाला हरवायला कॉम्प्युटर बास आहे."

रिमोटची वायर मोकळी लोंबत होती.

समोरचा एक पाऊल मागं सरला. मग मारलं.

पुन्हा मागं. पुन्हा मारलं.

"हे असं खेळतंय व्हय कधी?"

कैवल्य पुढं वाकला. त्याचं हसू गेलं. "नाही. हा गेम मी सहा महिने उलगडतोय. कॉम्प्युटर मारायच्या आधी मागं सरतच नाही."

आणि मग...

खर्रर्र.

मी स्पीकरची वायर उपटली.

खर्रर्र.

"मुनवर," कैवल्य हळूच म्हणाला, "या गेममध्ये एकूण एक्केचाळीस आवाज आहेत. हा त्यातला नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतलं दार उघडलं. अम्मी. हाताला पीठ. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही, आणि ती स्क्रीनकडं बघतही नव्हती. ती भिंतीकडं बघत होती.

"काय रे, त्या दुकानवाल्यानं हँडल अजून नीट केलं न्हाय व्हय?"

बोलली, आणि तिचं तिलाच उमगलं. दाराला धरून खालीच बसली.

माझ्या पैलवानात जीव उरला होता एका फटक्यापुरता. समोरच्यात तेवढाच. तो मागं सरला...

आणि उभाच राहिला.

स्क्रीनवर वरच्या उलट्या घड्याळात ०७ सेकंद उरले होते. ०६ झालेच नाहीत.

आज अकरावा दिवस. कॉम्प्युटर चालूच आहे. पैलवान उभाच आहे, श्वास घेतल्यासारखा हलतोय. ०७ चे ०७. अम्मी समोर खुर्ची टाकून बसलीय. नमाजला तेवढी उठते.

"मेलेलं माणूस परत येत न्हाय, मुनवर. अल्लाकडं गेलं ते गेलं."

"मग बंद करू, अम्मी?"

"हात तोडीन तुझा."

लाईट रोज जाते, आणि इन्व्हर्टरची बॅटरी फुगलीय. कैवल्य म्हणतो, काढेल अजून दोनतीन दिवस. म्हणजे मी काही केलं नाही तरी डाव मोडणार. पुन्हा अर्धाच.

कंपनीला चारदा लिहिलं. उत्तर एकदाच आलं. "जुन्या उत्पादनांची माहिती देता येत नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे."

कशी बंद करता? माझ्या घरात उघडी पडलीय ती!

मला तुमचा सगळा कोड नको. कपाट तुम्हीच उघडा, तुम्हीच वाचा. मारण्याआधी मागं सरायचं, आणि समोरचा हरायला टेकला की थांबून राहायचं... असं तुमच्या कुणी लिहून ठेवलंय का? असेल तर तो नुसता खेळ आहे. मी मारायचं बटण दाबतो, अम्मीला झोपवतो.

नसेल, तर मी कुणाला मारायला बसलोय?

व्हय की न्हाय, एवढंच सांगा. अंगठा बटणावर आहे.