टोकाच्या खोलीतली सुई

म्हैसूरच्या गडियार चौकातली आमची इमारत ठेवायची की पाडायची, हे अजून ठरलेलं नाही. वादिराज नावाचे अधिकारी आले होते. जुन्या भाडेकरूंनी इमारतीचा इतिहास लिहून द्यावा आणि खोली सोडण्याच्या कागदावर सही करावी, म्हणाले. मी शिंपी. जमेल तेवढं लिहितो.

खाली बारा कमानी, वर लाकडी गॅलरी. जिन्यात खालच्या दुकानातल्या ऊदबत्तीचा वास असतो. माझ्या वडिलांनी, विठ्ठलरावांनी, १९५७ साली वरची टोकाची खोली घेतली. आधीचा शिंपी वारून तीन महिने झाले होते, खोली बंद होती. कुलूप उघडलं तेव्हा भिंतीवरच्या उशीत सुई टोचलेली होती, काळा दोरा ओवलेला. वडिलांनी त्याच सुईनं पहिला कोट शिवला.

पुढं मी आणि माझी बायको अंबू तिथं बसू लागलो. मी कापायचो, ती काजं करायची. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ओवायचं, ही आमची रीत. मला नेढं दिसेनासं झालं, तरी कधी अडलं नाही. सकाळी सुई ओवलेलीच असायची. रात्री आवरायची अंबू, म्हणून मी कधी विचारलं नाही.

अंबू माघात गेली. तेराव्यानंतर दुकान उघडलं.

सुई ओवलेली होती.

मी कुणाला बोललो नाही. रोज उघडायचो, रोज ओवलेली. सही करत नव्हतो ती यासाठीच. ही खोली गेली तर ती येईल कुठं?

काल तिची धाकटी बहीण रुक्मिणीबाई डबा घेऊन आली.

"भावजी, सुम्ने, उगाच हट्ट करू नका. मुलगा कुवेंपुनगरला आपल्या घरी बोलावतोय, आणि तुम्ही इथं गिऱ्हाईक नसताना कात्रीला धार लावत बसलाय."

"अंबू इथं आहे," मी म्हणालो. सुईचं सांगितलं.

तिनं डबा खाली ठेवला. "अय्यो. अक्का तर उलटंच सांगायची."

"काय?"

"म्हणायची, मला नेढं दिसत नाही म्हणून हे रोज सुई ओवून ठेवतात. तोंडातून शब्द फुटत नाही, पण माया आहे हो."

"मी कधीच ओवली नाही."

"मग?"

खाली एक रिक्षावाला कानडीत कुणाला तरी शिव्या देत होता. आम्ही उशीकडं बघत राहिलो.

अडतीस वर्षं. तिला वाटायचं मी. मला वाटायचं ती.

संध्याकाळी मी दोरा काढून टाकला. कुलूप लावलं, किल्ली उशाशी घेऊन झोपलो.

आज सकाळी सही केली आहे. कागद सोबत जोडला आहे.

अंबूचा हात लागलेली म्हणून सुई तेवढी घरी नेणार होतो; कुलूप उघडलं.

ओवलेली होती. काळा दोरा.

मी टोक चिमटीत धरलं.

अजून ओलं होतं.