मेलेल्या गोऱ्याचं मशीन

"कोंबडी आत गेली!" एबो ओरडला.

"कुठं आत?" माकूनं विचारलं.

"मशीनमध्ये!"

ओसरीवरच्या सगळ्यांनी खाली पाहिलं. ओडोनकोरमामा ट्रेडमिलवर धापा टाकत धावत होते. त्यांच्या पायाखालचा काळा पट्टा घरघरत मागं सरकत होता. आणि आत्ता-आत्तापर्यंत मशीनमागं मक्याचे दाणे टिपणारी तपकिरी कोंबडी तिथं नव्हती. होतं ते एक पीस. तेही हवेत.

"मामा, थांबवा!" माकू किंचाळली.

"चेअरमन मध्येच थांबत नसतो!" मामा म्हणाले. ते प्रामप्राम गावच्या कीप-फिट क्लबचे चेअरमन होते आणि हे ते झोपेतही विसरत नसत.

मग मशीनच्या पोटातून असा काही आवाज आला की चेअरमनसुद्धा थांबले. कोंबडी कडेनं बाहेर पडली. जिवंत! पण शेपटाविना. तिनं सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं, फाटकातून चालत बाहेर गेली आणि त्या घरी परत म्हणून आली नाही.

"बघितलंत?" मामा घाम पुसत म्हणाले. "काय दमदार मशीन आहे!"

शाळेला मोठी सुट्टी लागली होती. माकू, शेजारचा एबो आणि समोरच्या घरातली सेलासी या तिघांनी सुट्टीत काय करायचं हे अजून ठरवलं नव्हतं. मामांचं मात्र ठरलं होतं. त्यांनी तेमाच्या बंदरातून परदेशी जुन्या ट्रेडमिलचा अख्खा कंटेनर उचलला होता, क्लबच्या मेंबरांना एकेक विकली होती आणि एक आपल्या बहिणीला, म्हणजे माकूच्या आईला, भेट दिली होती. भेट दिल्यापासून ते रोज संध्याकाळी येऊन त्या मशीनवर स्वतःच धावत.

कोंबडीचं सगळ्यांना हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

माकूचा धाकटा भाऊ क्वाओ तीन वर्षांचा होता आणि घरंगळणाऱ्या प्रत्येक वस्तूमागं जाणं हा त्याचा पूर्णवेळ धंदा होता. त्या संध्याकाळी चेंडू घरंगळला. मामांच्या मागं. पट्ट्याच्या टोकाशी. क्वाओ पालथा पडला, त्यानं हात घातला, आणि पट्ट्यानं त्याची बाही धरली.

एकदम सगळे ओरडायला लागले. आईच्या हातून मक्याच्या केंकेचं भांडं पडलं. मामा लाल बटण दाबत होते, दाबतच होते. मशीनला त्याचं काही वाटत नव्हतं. क्वाओचा हात कोपरापर्यंत आत गेला. माकूनं झेप घेऊन त्याची कंबर धरली आणि सगळा जीव लावून मागं खेचलं. एबोनं भिंतीवरचा प्लग उपटला.

घरघर थांबली. शर्टची बाही मशीनमध्ये राहिली, हात बाहेर आला. मनगटापासून कोपरापर्यंत सालटं निघालं होतं. क्वाओ रडतसुद्धा नव्हता. तोंड उघडं, आवाज नाही. मग आवाज आला, आणि तो ऐकून आईही रडायला लागली.

"पोरांनो, तुमचं लक्ष कुठं होतं?" मामा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ओरडले.

"आमचं लक्ष मशीनवर होतं," एबो म्हणाला. "मशीनचं क्वाओवर होतं."

त्याच्या हातात अजून तो प्लग होता. माकूनं पाहिलं, तर मशीनमधून निघालेली करडी जाड वायर वीतभरच होती. पुढं चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि चिकटपट्टीच्या पुढं भलतीच, पातळ पांढरी वायर.

"मामा, ही वायर कुणी कापली?"

"त्यात काय!" मामा म्हणाले. "सगळ्यांचीच कापलेली होती. मी जोडून घेतल्या. तिकडं मालक मेला की त्याच्या मशीनची वायर कापतात. शोक म्हणून."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

आणि गावात कुणाला यात वावगं वाटलं नसतं. प्रामप्रामच्या बाजारात परदेशातून गठ्ठ्यानं येणाऱ्या जुन्या कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' असंच म्हणतात. जिवंत माणूस इतका चांगला शर्ट टाकून देईलच कसा? मामांचा लग्नातला सूट मेलेल्या गोऱ्याचा होता. फ्रिज मेलेल्या गोऱ्याचा होता. नव्यापेक्षा असला मालच टिकतो, अशी सगळ्यांची पक्की खात्री होती.

"हे बघ," मामा आईला म्हणाले, "मशीनचा काही दोष नाही. मुलाला लांब ठेवायचं, झालं! शनिवारी शाळेच्या मैदानावर क्लबचं मोठं प्रात्यक्षिक आहे. सगळी मशीनं एका रांगेत! अख्खं गाव येणार!"

"अख्खं गाव म्हणजे पोरंसुद्धा?" माकूनं विचारलं.

"पोरं तर आधी!"

माकूनं चिकटपट्टीचा तो जोड पुन्हा एकदा निरखून पाहिला.

सकाळी बाकीची मशीनं बघायला तिघं गावात निघाली. पास्टरांच्या ओसरीवर ट्रेडमिल होती; वायरला चिकटपट्टी. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी होती, चिकटपट्टी. बर्फवाल्या मावशींकडं तर ट्रेडमिलवर मासे वाळत घातले होते, पण वायरला चिकटपट्टी होतीच.

"एक कंटेनरभर गोरे एकदम मेले?" सेलासीनं विचारलं.

"आणि प्रत्येकाच्या घरी नेमकं हेच मशीन?" माकू म्हणाली.

एबो कुजबुजला, "मग ते... कशानं मेले?"

तिघांनी एकदमच मावशींच्या ट्रेडमिलकडं पाहिलं आणि तिघं एकदमच मागं सरली.

सेलासीची थोरली बहीण देला टोरांटोत नर्स होती. माकूच्या घरी येऊन सेलासीनं तिला फोन लावला आणि कॅमेरा ट्रेडमिलकडं फिरवला. "देलाताई, असलं मशीन तिकडं कधी पाहिलंयस?"

देलाताईनं तोंडावर हात ठेवला. "सेलासी, लांब हो. आधी लांब हो, मग बोल!"

"झाले. काय झालं?"

"अगं, हेच! आमच्याकडं हेच होतं! मागच्या टोकाला पट्टा पोरांना खाली ओढून घेतो, आणि बटणानं थांबत नाही. इथं किती पोरं जखमी झाली! कंपनीनं सगळी मशीनं परत मागवली. पण एवढं धूड परत पाठवणार कोण? म्हणून म्हणाले, वायर कापा, कापल्याचा फोटो पाठवा आणि पैसे परत घ्या. वायर कापली की पुन्हा कुणी चालवायलाच नको ना!"

कुणी चालवायलाच नको! आणि मामांनी एकूण एक जोडली होती.

"ताई," माकूनं विचारलं, "तू तुझ्या मशीनचं काय केलंस?"

"वायर कापली आणि फुटपाथवर ठेवलं. सकाळी कुणीतरी उचलून नेलं होतं. बरं झालं, ब्याद गेली." ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. "सेलासी... उजव्या दांड्यावर मांजराचं स्टिकर आहे का गं? चष्मा लावलेल्या?"

सेलासी वाकली. दांडा नीट पाहिला.

"आहे," ती म्हणाली.

फोनच्या त्या टोकाला देलाताई मटकन खाली बसली. नुसतं छत दिसायला लागलं.

तिघं धावतच मामांकडं गेली. सगळं एका दमात सांगितलं. मामा ऐकत गेले, ऐकत गेले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे देला जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो! आत्ताच बोललो आम्ही!"

"म्हणजे मला फसवलं! जिवंत माणसाचं मशीन गळ्यात मारलं!"

"मामा!" माकू पाय आपटत ओरडली. "ते पोरांना ओढतं!"

"टोरांटोची पोरं नाजूक. थंडीनं." मामांनी छाती पुढं काढली. "शनिवारचं प्रात्यक्षिक होणार म्हणजे होणार. चार गावांच्या क्लबांना बोलावलंय. माझं नाक कापायचंय का तुम्हाला?"

"तुमचं नाक वाचेल हो," एबो म्हणाला, "पण हात कुणाचे जातील?"

"चला, पळा!"

आईनं घरचं मशीन केव्हाच बंद करून भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं. पण थोरल्या भावापुढं तिचंही चाललं नाही. "त्याला सांगून कळत नाही गं," ती म्हणाली. "लहानपणापासून."

"मग दाखवू या," माकू म्हणाली.

तिनं क्वाओचा बाही फाटलेला लाल शर्ट घेतला. एबोनं चिंध्या आणल्या, सेलासीनं जुनी चड्डी आणि टोपी. संध्याकाळपर्यंत माकूच्या खोलीत एक तीन वर्षांचा मुलगा बसला होता. लांबून अगदी क्वाओ वाटत होता. एबोच्या मते क्वाओपेक्षा शहाणा.

शनिवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिट्ट्या, ढोल, गाणी! चार गावांचे क्लब आपापल्या रंगाचे बनियन घालून नाचत होते. चर्चचा जनरेटर धडधडत होता आणि मशीनं एका रांगेत उभी होती. त्यांच्यामागं, अगदी पट्ट्यांच्या टोकाशी, गावातली झाडून सगळी बारकी पोरं दाटीवाटीनं उभी होती. मेंबर ट्रेडमिलवर चढले. मामा मधल्या मशीनवर.

"सेलासी, आता!" माकू कुजबुजली.

"गोलपोस्टला सगळ्यांत शेवटी पोचेल त्याला मी चावणार!" सेलासी ओरडली आणि पळत सुटली. पोरांचा लोंढाच्या लोंढा किंचाळत तिच्यामागं गेला. मशीनमागची जागा रिकामी झाली.

मामांनी शिट्टी फुंकली. पट्टे घरघरले. एबो जनरेटरपाशी जाऊन उभा राहिला. माकूनं मामांच्या मशीनमागं चेंडू सोडला, आणि चेंडूमागून चिंध्यांचा क्वाओ पुढं ढकलला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पट्ट्यानं बाहुल्याचा हात धरला. हात गेला, खांदा गेला, टोपी गेली. लाल शर्ट वाकडातिकडा होत खाली ओढला जाऊ लागला.

"पोर! पोर आत गेलं!" कुणीतरी बाई किंचाळली.

ढोल थांबले. मामांनी मागं वळून पाहिलं. लाल शर्ट दिसला.

"क्वाओ!"

ते मशीनवरून पडलेच. गुडघ्यांवर रांगत मागं आले, शर्ट दोन्ही हातांनी धरला आणि ओढू लागले. मशीन त्यांच्यापेक्षा जोरात ओढत होतं. "बंद करा! कुणीतरी बंद करा!" त्यांचा आवाज फाटला. माकूनं मामांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

एबोनं जनरेटर बंद केला.

मैदान चिडीचूप झालं. मामांनी एक हिसका दिला आणि तो हात त्यांच्या हातात आला. नुसता हात. बायकांनी डोळे झाकले. मामांनी हाताकडं पाहिलं. हातातून चिंध्या बाहेर आल्या.

तेवढ्यात आईच्या कडेवरून उतरून खरा क्वाओ संत्रं चोखत गर्दीतून पुढं आला.

"माझा शर्ट," तो म्हणाला.

मामा उठून उभे राहिले. "कुणी केलं हे?"

"मी," माकू म्हणाली. ती पुढं आली. "सांगून कळलं नाही म्हणून."

मामांनी हात उगारला. सगळ्यांना वाटलं, आता पडली! पण उगारलेल्या हाताखाली क्वाओ उभा होता, आणि त्याच्या कोपरावरची खपली उन्हात दिसत होती. मामांचा हात खाली आला. त्यांनी क्वाओला उचलून इतकं घट्ट धरलं की संत्र्याचा सगळा रस चेअरमनच्या बनियनवर सांडला. मग त्यांनी भोंगा तोंडाला लावला.

"क्लबची सूचना," ते म्हणाले. भोंगा खरखरला. "मशीनं खराब आहेत. मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कुणीही... कुणीही वापरू नका."

चेअरमन चुकल्याचं चार गावांच्या क्लबांनी पहिल्यांदाच ऐकलं. कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही, इतका धक्का बसला होता.

पण मैदानावर सगळी मशीनं नव्हती. काही मेंबरांनी आपली पाहुण्यांना दिली होती, काहींनी पुढं विकली होती. दुपारी गोष्ट गावच्या प्रमुखांच्या कानावर गेली आणि त्यांनी दवंडी पिटायला सांगितली. दवंडीवाला घंटा बडवत गल्लीगल्लीतून निघाला. पुढं तिघं मुलं.

"ऐका हो! ज्यांच्या घरी मेलेल्या गोऱ्याचं धावायचं मशीन असेल त्यांनी ते बंद करून प्रमुखांच्या अंगणात आणावं!"

"गोरे जिवंत आहेत," सेलासीनं दुरुस्ती केली.

"जिवंत गोऱ्याचं मशीन असेल तरी आणावं!" दवंडीवाला ओरडला. लोक आणखीच घाबरले आणि आणखीच भराभर आणू लागले. एका म्हाताऱ्यानं तर ट्रेडमिल नव्हती म्हणून शिवणयंत्र आणून दिलं.

अंगणात ढीग लागला. मामांनी वायरी कापायला पकड काढली.

"नुसती वायर नको," एबो म्हणाला. "आपल्याकडं जोडणारे फार."

मग मामांनी सुरी घेतली आणि एकेका मशीनचा पट्टा स्वतः आडवातिडवा फाडला. चष्मेवाल्या मांजराच्या मशीनपाशी आले तेव्हा त्यांनी सुरी माकूच्या हातात दिली. स्वतः मशीन धरून उभे राहिले.

संध्याकाळी प्रमुख छत्रीखाली बसले. प्रमुख कुणाशीही थेट बोलत नाहीत. ते कुजबुजतात आणि सोन्याची मूठ असलेली काठी घेऊन शेजारी उभे असलेले त्यांचे प्रवक्ते ते सजवून गावाला सांगतात. एकदा प्रमुख नुसते खोकले होते, तरी त्यावर प्रवक्त्यांचं छोटंसं भाषण झालं होतं.

तिघं मुलं पुढं येऊन वाकली. प्रवक्त्यांनी घसा साफ केला आणि प्रमुखांच्या तोंडाशी कान नेला.

प्रमुखांनी तो कान हातानं हळूच बाजूला सारला. पुढं झुकले. आणि सगळ्या गावासमोर सरळ माकूच्या डोळ्यांत पाहून म्हणाले,

"पोरी, छान केलंस. तुम्ही तिघांनी आमची लेकरं वाचवलीत."

मामांचा जबडा खाली आला होता. आईनं क्वाओला आणखी जवळ घेतलं आणि पदरानं डोळे टिपले. माकूला खाली बघावं की वर, तेच कळेना.

प्रवक्ते काठी धरून तसेच उभे होते. त्यांनी प्रमुखांकडं पाहिलं, मग गावाकडं, मग मुलांकडं.

"यात मी," ते शेवटी म्हणाले, "आणखी काय घालणार?"