नव्या मोटरीचं पहिलं पाणी

हे कुणालाच पटणार नाही.

भागूबाईच्या चहाच्या टपरीवर छगनआप्पांनी सुरुवातच अशी केली. म्हणाले, श्रीगोंद्यात माझ्याएवढ्या थापा कुणी मारल्या नसतील, पण ही एक खरी. मोटरी बसवणाऱ्या हनुमंताच्या तोंडून ऐकलेली. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल उठावं, बाकड्यावर जागा तरी होईल.

कुणी उठलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुकडीच्या कालव्याला पाणी सुटलं की याकोब मास्तरांच्या तळघराला पाझर फुटायचा. आणि त्याच तळघरात त्यांच्या सुनेचं, एस्तेरचं शिवणकाम. चार मशिनी, लोकांची कापडं. ओल अशीच राहिली असती तर मशिनी गंजून तिचा धंदाच बसला असता.

म्हणून हनुमंताला बोलावलं. उभा जन्म विहिरींवर मोटरी बसवण्यात गेलेला माणूस. त्यानं कोपऱ्यातली फरशी फोडली, खड्डा घेतला, भोकं पाडलेलं पिंप आत बसवलं, भोवती खडी भरली. पिंपात पंप. पाणी चढलं की आपोआप सुरू, उतरलं की बंद.

खणताना एक दगड लागला. घडीव. कडेला दोर घासून घासून खाच पडलेली...

मास्तर म्हणाले, जुनी विहीर असेल, वडिलांनी बुजवलेली.

आता, नवी मोटर सुरू करताना हनुमंत नारळ फोडल्याशिवाय राहायचा नाही. पहिलं पाणी झाडाला, मग शेताला. मास्तर तर म्हणालेही, तू तुझी रीत कर, आम्ही आमची प्रार्थना करतो. पण हनुमंतच हसला.

"मास्तर, सांडपाण्याला कुठं नारळ फोडत्यात का?"

बटण दाबलं. पहिलं पाणी गटारीला गेलं.

आधी गढूळ.

मग नितळ... इतकं नितळ, की एस्तेर म्हणाली, हे तर प्यावंसं वाटतंय.

पिंप रिकामं झालं. पंप थांबला. सासरा-सून खूश होऊन वर चहा ठेवायला गेले. हनुमंत हत्यारं गोळा करत खाली राहिला.

दिवेलागण झाली होती.

आणि...

कर्रर.

त्यानं पंपाकडं बघितलं. बंद.

कर्रर... कर्रर...

जुना रहाट फिरावा तसं. दमानं. वजन ओढत.

मग पिंपात पाणी पडलं. झिरपलं नाही. पडलं. वरनं कुणी बादली ओतावी तसं.

हनुमंतानं वर बघितलं. वर नुसता स्लॅब.

पुन्हा कर्रर. पुन्हा बादली.

उपसलेलं पाणी कुणीतरी परत आणून टाकत होतं...

पंप सुरू झाला. हनुमंतानं वायरच उपटली. तेवढ्यात त्याला फरशी दिसली. पिंपापासून ओली पावलं उमटत निघाली होती. एकापुढं एक.

पावलं दिसत होती. चालणारं कुणी दिसत नव्हतं.

मशिनींपाशी जाऊन ती थांबली.

हत्यारं तिथंच टाकून हनुमंत जिना चढला, तो थेट घरी. रात्री सणकून ताप.

इथं छगनआप्पांनी बिडी पेटवली. मग आप्पा म्हणाले, सकाळी हनुमंतानं मुकाट नारळ फोडला, पाइप गटारीतून काढून मास्तरांच्या शेवग्याला लावला. तेव्हापासून तळघर कोरडं ठणठणीत.

"खोटं वाटतंय? मग दिवेलागणीला तिकडनं जाऊन बघा. एस्तेर मशिनीवर बसलेली असती. खडखड पार रस्त्यापर्यंत ऐकू येती."

दोघातिघांनी माना डोलावल्या. ती खडखड त्यांनीही ऐकली होती.

चहा गाळता गाळता भागूबाईचा हात थांबला. तिचं घर मास्तरांच्या भिंतीला भिंत लावून.

"आप्पा, एवढं मात्र खोटं बोललात," ती म्हणाली. "एस्तेर त्या दिवसापासनं खाली उतरलेलीच न्हाई. चारी मशिनी माझ्या ओसरीत हायेत, अन् दिवेलागणीच्या आधीच ती त्या झाकून ठेवती."