बटण अडकलंय

हौशी रेडिओवाल्यांच्या इंटरनेटवरच्या गटात प्रश्न टाकला की उत्तर यायला वेळ लागत नाही. ते बरोबर असायला लागतो. गटातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, गच्चीवर अँटेनाची तार कुठे ताणू? एकमताने उत्तर आलं, कपडे वाळत घालायची दोरी आहे ना, तिच्या जागी. डॉक्टरांनी दोरी सोडली. त्यावर बायको जे बोलली तेही त्यांनी भाबडेपणाने गटावर टाकलं. त्याचेही तांत्रिक उपाय आले. ‘कपडे घरात वाळवावेत’ हा त्यातला सर्वांत सौम्य. तिने ते वाचलं, आणि घरात अबोला सुरू झाला.

अबोला चांगला मुरला होता. अशाच एका दुपारी ‘खांबवाले’ या टोपणनावाच्या सभासदाचा निरोप आला. गटातला हा सर्वांत जाणता माणूस. त्याला पाहिलेलं मात्र कोणी नव्हतं.

‘डॉक्टर, माइकचं बटण अडकलंय. घरातलं सगळं बाहेर ऐकू येतंय.’

ही चूक कधी ना कधी प्रत्येक रेडिओवाल्याच्या हातून होते. बटण दाबलेलंच राहतं आणि तुमच्या घरातली आदळआपट परमुलखात पोचते. डॉक्टरांनी बटण पाहिलं. मोकळं होतं. तरी त्यांनी माइकच काढून ठेवला.

‘अजून येतंय,’ खांबवाल्यांनी लिहिलं. ‘असू द्या. वहिनींशी छान गप्पा रंगल्यात.’

डॉक्टरांना पहिला संशय आला मेहुण्याचा. त्यांनी फोन लावला.

“तुला दुसरे उद्योग नाहीत का रे?”

“मला आहेत. तुम्हाला नाहीत,” मेहुणा म्हणाला. “काय झालं?”

“खांबवाले म्हणजे तूच ना?”

“कसला खांब? भाऊजी, आधी ताईशी बोला. चुकलं म्हणा, संपेल सगळं. एवढ्याशा वाक्याला अँटेना लागत नाही.”

ते वाक्य डॉक्टरांनी रोज सकाळी घोटलं होतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे अडखळायचं. ती आतून वाट बघायची, हेही त्यांना कळायचं. आता तीही थांबेनाशी झाली होती. माहेरी न्यायची बॅग माळ्यावरून खाली आली होती.

त्यांनी रेडिओ सेटची वायर भिंतीतून उपटली. दिवा विझला.

‘आता जास्त स्वच्छ येतंय,’ खांबवाल्यांनी लिहिलं.

दूरच्या एका हौशी माणसाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. आपला आवाज तिथे कसा पोचतो, हे कोणीही घरबसल्या ऐकून बघावं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तो उघडला, आपली फ्रिक्वेन्सी लावली आणि हेडफोन कानांवर चढवले.

कपात चमचा फिरत होता. नळ टपकत होता. त्यांच्याच घरातला; वायसर बदलायचा राहिलेला.

मग बायको हसली.

त्यांनी हेडफोन काढले. घर गप्प होतं. नळसुद्धा.

पुन्हा लावले. आता एक पुरुष बोलत होता. बोलण्याआधी त्याने बारीक खाकरून घेतलं. दात काढावा लागेल हे पेशंटला सांगण्यापूर्वी डॉक्टर खाकरतात, तसं.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला.

आवाज डॉक्टरांचा होता. फक्त त्यात अडखळणं नव्हतं.

ते उठले. स्वयंपाकघराचं दार ढकललं.

बायको एकटीच होती. टेबलावर दोन कप होते, दोन्ही रिकामे.

“पुन्हा आलात?” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे बघून हसत होती. “एकदा म्हणालात ना, झालं. आता आणखी माफी नको. ती बॅग तेवढी वर ठेवा, आणि जा, बसा तुमच्या सेटपाशी.”

तो मी नव्हतो, हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. तिचं हसू पाहिलं. तोंड मिटलं.

“बरं,” ते म्हणाले.

मागे, सेटच्या खोलीत, त्यांची खुर्ची करकरली. कोणीतरी नीट सावरून बसलं.