सकाळपासून काय केलंत?

समाजशास्त्राचा पाया सखोल चिंतनातून घातला गेला, असं विद्यापीठात शिकवतात. शिकागोत तो घसरलेल्या पायातून घातला गेला.

पाय एडविन हॉलिसचा. साल अठराशे त्र्याण्णव. प्राध्यापकांसाठी घरोघरची माहिती गोळा करत तो बोहेमियन, म्हणजे चेक स्थलांतरितांच्या, वस्तीतल्या चाळीत शिरला आणि बर्फाळ जिन्यावरून थेट कॉर्डेलिया प्रॅटच्या पुढ्यात येऊन आदळला.

तिनं आधी कागद उचलले, मग त्याला.

"तुम्ही… इथे राहता?"

"चार वर्षं झाली, इथेच राहून हीच माहिती गोळा करतेय. तुम्ही पडायलाच आलात, की आणखी काही काम?"

तो हसला. ती मात्र त्याचा तक्ता वाचत होती. "बोहुमिला नोवाक. व्यवसाय : काही नाही. हे कोणी सांगितलं?"

"तिच्या नवऱ्यानं."

कॉर्डेलियानं त्याची बाही धरली आणि त्याला वर नेलं. बोहुमिला खिडकीपाशी कारखान्याच्या विजारींना काजं करत होती. उरलेल्या विजारींचा ढीग खाटेवर. ढिगाखाली, ऊब म्हणून, तापानं फणफणलेली मुलगी.

"व्यवसाय विचारायचा नाही," कॉर्डेलिया कुजबुजली. "सकाळपासून काय केलंत, ते विचारायचं. आणि बाईलाच विचारायचं."

त्यानं विचारलं.

"डोळे फोडले," बोहुमिला मान वर न करता म्हणाली. "आणखी काय करणार, साहेब?"

आठवड्यात मुलगी गेली. विजारी वेळेवर गेल्या.

मग हिवाळाभर दोघं दारोदार हिंडले. संध्याकाळी नकाशात घरं रंगवायची. बोहेमियन घरांना निळा. बोटांना बोटं लागत, आणि निळा जरा जास्तच संपे.

"नाकाला निळं लागलंय तुमच्या."

"म्हणजे मी तुमच्या गल्लीतला झालो." त्यानं कुंचला खाली ठेवला. "कॉर्डेलिया… मला विचार ना, सकाळपासून काय केलंस."

"काय केलंस?"

"तुझाच विचार."

ती लाजली, पण पुरती विरघळली नाही. "पद्धत माझी आहे, एडविन. या सगळ्याचं पुस्तक होईल, त्यावर माझं नाव हवं."

"तुझंच आधी!"

लग्न झालं. पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर एडविन हॉलिस. बाईचं नाव असलं की शास्त्र वाटत नाही, असं प्रकाशक म्हणाले म्हणे. आत, नकाशे रंगवल्याबद्दल पत्नीचे आभार. विद्यार्थी 'हॉलिस पद्धत' घोकू लागले.

एकोणीसशे सालच्या जनगणनेला कारकून दारात आला. कॉर्डेलिया आतल्या खोलीत दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होती. दार एडविननं उघडलं. उत्तरंही त्यानंच दिली.

नोंद अशी आहे : कॉर्डेलिया हॉलिस. वय चौतीस. विवाहित. व्यवसाय : काही नाही.